खोबरं बंद, मासे बंद: देवगडच्या एका खलाशाचं स्वादुपिंड

वय 26, उंची 168 सेंटिमीटर, वजन 43 किलो. देवगड बंदरातल्या एका मासेमारी बोटीवर खलाशी. एप्रिल-मेमध्ये हजेरी बरी मिळते म्हणून आंब्याच्या बागेत. दारू नाही. विड्या दिवसाला आठ-दहा. तीन वर्षांपासून मधुमेह, सकाळ-संध्याकाळ इन्सुलिन. सोबत आई. तक्रार त्याने एका वाक्यात सांगितली: "कंबर धरता डॉक्टरानू, जाळा ओढूक जमना नाय."

हा मुलगा म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. सिंधुदुर्गातल्या दवाखान्यांत असे रुग्ण येत असतात, त्यांच्यावरून हे प्रकरण जुळवलं आहे. आजार मात्र असाच वागतो.

आईच्या हातात साड्यांच्या दुकानाची प्लास्टिकची पिशवी होती. आपल्याकडे रुग्णाचा सगळा वैद्यकीय इतिहास अशाच पिशवीत असतो, आणि तो तारखेप्रमाणे लावून घ्यायला पाच मिनिटं दिली तर निम्मं निदान तिथेच होतं. या पिशवीत तीन आजार होते. पहिला पोटदुखीचा: वयाच्या चौदाव्या वर्षापासून अधूनमधून बेंबीच्या वर कळ, शाळा बुडालेली, प्रत्येक चिठ्ठीवर पित्ताच्या गोळ्या, दोनदा सलाईन. दुसरा साखरेचा: तेविसाव्या वर्षी एका शिबिरात साखर 340 निघाली, वय कमी आणि अंग बारीक म्हणून टाइप 1 असं लिहून इन्सुलिन सुरू. तिसरा अशक्तपणाचा: टॉनिकं, जंताच्या गोळ्या, बी-कॉम्प्लेक्सची इंजेक्शनं, टीबी नाही ना म्हणून छातीचे दोन एक्स-रे. तिन्हींचे डॉक्टर वेगळे, गावं वेगळी, सालं वेगळी. कागद एकाच पिशवीत असूनही एकमेकांशी बोलले नव्हते.

आणि एक एक्स-रे होता कमरेचा. मणक्यात दोष नाही, असा त्याचा अहवाल होता आणि तो बरोबरच होता. विचारलेल्या प्रश्नाचं ते उत्तर होतं. फिल्म खिडकीच्या उजेडात धरली तर कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याच्या पातळीवर पांढरे कण दिसत होते. काही मोहरीएवढे, एक-दोन तुरीच्या डाळीएवढे. मूत्रपिंडाचे खडे मणक्याच्या एका बाजूला असतात. हे कण उजवीकडून निघून मणका ओलांडत डावीकडे, किंचित वर चढत गेले होते. पोटात असा आडवा पसरलेला आणि त्या उंचीवरचा अवयव एकच: स्वादुपिंड.

मग विचारायचं राहिलेलं विचारलं. कळ पाठीत जाते का? जाते. जेवल्यावर वाढते? "जेवलंय की अर्ध्या तासान सुरू." कशाने बरं वाटतं? त्यावर तो बोलला नाही, खुर्चीतच पुढे वाकून गुडघ्यांवर कोपरं टेकवून बसून दाखवलं. स्वादुपिंड जठराच्या मागे, मणक्याला लागून असतं. उताणं झोपलं की दुखणं वाढतं, पुढे वाकलं की हलकं होतं. ही बसण्याची तऱ्हा पुस्तकात असतेच, पण कोपऱ्यात असा वाकून बसलेला तरुण दिसला की पित्ताची गोळी लिहायच्या आधी थांबावं.

पुढचा प्रश्न संडासचा. हा प्रश्न आपल्याकडे नीट विचारला जात नाही. "संडास साफ होतो का?" या प्रश्नाला प्रत्येक जण "होतो" म्हणतो. इथे विचारायला हवं ते असं: पाणी ओतल्यावर जातो का, की भांड्याला चिकटून बसतो? पाण्यावर तेलाचा तवंग दिसतो का? वास नेहमीपेक्षा उग्र येतो का? मुलगा खाली बघत राहिला. उत्तर आईने दिलं: "दोन-तीन बादल्यो ओतूक लागतत. तेल तरंगता पाण्यार. मी म्हटलंय, तेलकट खाता म्हणान." आणि लगेच, जणू आपण काळजी घेत नाही असा आळ आला होता म्हणून, तिने यादी सांगितली: "आता सगळा बंद केलंय. खोबरा बंद, मासे बंद, फोडणी बंद. पेज आणि मुगाची डाळ. तरी ह्यो सुकतच चल्लो."

त्या यादीवर नंतर येतो. माझ्या मते हे प्रकरण खरं त्या यादीचं आहे.

तपासण्या

रक्तातलं अमायलेज आणि लायपेज, दोन्ही नॉर्मल. आधीच्या कागदांतही दोनदा नॉर्मल होतं आणि त्यावरून "स्वादुपिंड ठीक" असा शेरा पडला होता. स्वादुपिंडाला अचानक सूज येते तेव्हा ही एन्झाइम्स रक्तात कितीतरी पटींनी वाढतात. जुनाट दाहात ग्रंथीचा कामाचा भाग झिजून तिथे तंतूंची जाळी झालेली असते, रक्तात सांडायला मुळात फारसं उरलेलंच नसतं. म्हणून नॉर्मल अहवाल हातात घेऊन पुढे वाकून बसलेला माणूस नाटक करत नसतो. बोटीवरच्या तांडेलाने, म्हणजे बोटीच्या प्रमुखाने, मात्र त्याला "कामचुकार" ठरवून टाकलं होतं.

विष्ठेतलं इलास्टेज, म्हणजे स्वादुपिंडातून आतड्यात येणारं एक एन्झाइम, 38 आलं. 200 च्या खाली म्हणजे कमी, 100 च्या खाली म्हणजे फारच कमी. एचबीए1सी, म्हणजे गेल्या तीनेक महिन्यांतल्या साखरेचा अंदाज, 10.4. ड जीवनसत्त्व 9, फारच कमी. रक्तातलं कॅल्शियम आणि ट्रायग्लिसराइड ठीक. हे बघावं लागतं, कारण दोन्हीपैकी एक खूप वाढलेलं असेल तर आजाराचं कारण तिथेच सापडू शकतं. सोनोग्राफीत "आतड्यातल्या वायूमुळे स्वादुपिंड नीट दिसत नाही" असं आलं, तसं ते वारंवार येतं. सीटी स्कॅनने चित्र पूर्ण केलं: ग्रंथी आक्रसलेली, मुख्य नलिका फुगून 9 मिलिमीटर झालेली (एरवी ती 3 मिलिमीटरच्या आसपास), आणि डोक्याकडच्या भागात नलिकेतच 12 मिलिमीटरचा खडा, शिवाय शेपटीपर्यंत विखुरलेले बारीक.

निदान: क्रॉनिक पॅनक्रियाटायटिस, म्हणजे स्वादुपिंडाचा जुनाट दाह, खड्यांसह, त्यातून आलेलं चरबीचं अपचन आणि त्यातूनच आलेला मधुमेह. पिशवीतले तीन आजार एकच निघाले.

आत काय होतं

स्वादुपिंड साधारण 15 सेंटिमीटर लांब असतं. ते दोन नोकऱ्या करतं. दिवसाला दीड लिटरच्या आसपास पाचकरस आतड्यात सोडतं, त्यात पिष्ट, प्रथिनं आणि चरबी फोडणारी एन्झाइम्स असतात. आणि त्याच्यात विखुरलेली लँगरहान्सची बेटं इन्सुलिन आणि ग्लुकागॉन रक्तात सोडतात. प्रथिनं पचवणारं ट्रिप्सिन ग्रंथीत निष्क्रिय रूपात तयार होतं; आतड्यात पोचल्यावरच ते जागं व्हावं अशी सोय असते. ते ग्रंथीतच जागं झालं तर ग्रंथीलाच पचवू लागतं. त्यासाठी आत लगामही असतो. लगाम सैल असेल, किंवा दारू-तंबाखूचा मारा चालू असेल, तर लहानमोठी इजा पुन्हा पुन्हा होत राहते. प्रत्येक इजेनंतर व्रण उरतो, व्रणाने नलिका आखडतात, रस दाट होतो, त्यात प्रथिनांचे गोळे जमतात आणि त्यांवर कॅल्शियम बसून खडे होतात. खाडीच्या मुखाशी गाळ साचला की आतलं पाणी तुंबून दोन्ही काठांवर चढतं, तसा मागचा दाब वाढत जातो. शेजारच्या नसांनाही दाहाची झळ लागते. म्हणून पुढे खडा काढला तरी काहींचं दुखणं थांबत नाही, कारण तोवर नसांना आणि मेंदूला दुखण्याची सवय लागलेली असते.

या आजारात क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. दुखणं बहुधा आधी येतं. चरबीचं अपचन फार उशिरा, कारण लायपेजचं उत्पादन मूळच्या दहा टक्क्यांच्या खाली जाईपर्यंत आतडं कसंबसं भागवून घेतं. म्हणजे संडासात तेल दिसायला लागलं तेव्हा ग्रंथीचं बहुतेक काम संपलेलं होतं. मधुमेह त्याच्या आगेमागे. चौदा ते सव्वीस या बारा वर्षांत हे सगळं शांतपणे घडलं, आणि प्रत्येक टप्प्यावर समोर दिसत होता तो फक्त त्या टप्प्याचा त्रास.

"पितो काय रे?"

स्वादुपिंड म्हटलं की हा प्रश्न ठरलेला. बंदरावरचा खलाशी म्हटल्यावर तर विचारायचीही गरज वाटत नाही. या मुलाला तो प्रत्येक ठिकाणी विचारला गेला आणि "नाही" म्हटल्यावर कुणाचा विश्वास बसला नाही. दारू हे या आजाराचं मोठं कारण आहेच. वर्षानुवर्षं रोज भरपूर पिणाऱ्यांत तो होतो आणि किनाऱ्यावर असे रुग्ण कमी नाहीत. पण भारतात, आणि विशेषतः तरुणांत, कारण सापडत नाही असे रुग्ण फार मोठ्या संख्येने असतात. लहानपणी पोटदुखी, ऐन तारुण्यात मधुमेह, नलिकेत मोठमोठे खडे असं हे रूप 1959 मध्ये इंडोनेशियातून झ्युडेमा यांनी नोंदवलं आणि पुढे केरळमध्ये डॉ. गीवर्गीज यांनी असे शेकडो रुग्ण तपासून त्याचा सविस्तर अभ्यास केला. उष्ण कटिबंधातला म्हणून त्याला ट्रॉपिकल पॅनक्रियाटायटिस म्हणू लागले.

केरळात टॅपिओका खातात, तेव्हा संशय टॅपिओकावर गेला. त्यातल्या सायनाइडसारख्या घटकांवर. पण टॅपिओका न खाणाऱ्या भागांतही हाच आजार दिसू लागला आणि तो संशय मागे पडला. (एकादशीच्या साबुदाण्याने झालं का, असं त्याच्या मावशीने विचारलं होतं. साबुदाणा टॅपिओकाचाच, पण नाही.) दुसरा संशय कुपोषणावर होता. 1985 च्या जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणात तर हा मधुमेह कुपोषणाशी जोडलेल्या गटात टाकला होता. 1999 मध्ये तो गट गेला आणि याची नोंद स्वादुपिंडाच्या विकारांमुळे होणाऱ्या मधुमेहात झाली. आता कल असा आहे की ही माणसं बारीक असतात ती बहुतांशी आजारामुळे. बारीक होती म्हणून आजार झाला असं नव्हे. वरच्या यादीसाठी हा फरक महत्त्वाचा आहे.

मघाशी म्हटलं त्या लगामाचं एक नाव स्पिंक1. या जनुकातला एक बदल 2000 मध्ये या आजाराशी जोडला गेला आणि 2002 मध्ये हैदराबादच्या सीसीएमबी या संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी तो भारतातल्या ट्रॉपिकल प्रकाराच्या रुग्णांत ठळकपणे असल्याचं दाखवलं. मात्र हा बदल निरोगी माणसांतही काही प्रमाणात असतो, त्यामुळे तो असला म्हणजे आजार होणारच असं नाही. या मुलाची जनुकीय तपासणी केली नाही. उपचारात त्याने काही बदललं नसतं आणि पैसे दुसरीकडे लागणार होते. धाकट्या बहिणीला मात्र पोटदुखी, वजन, साखर विचारली आणि एकदा तपासून घेतलं. ती ठीक आहे.

राहिली विडी. पोटदुखीच्या इतक्या वर्षांत त्याला "दारू पिऊ नको" असं अनेकांनी बजावलं, जी तो पीतच नव्हता. विडीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नव्हतं. धूम्रपान हे या आजाराचं दारूपासून वेगळं, स्वतंत्र कारण आहे आणि झालेला आजार ते लवकर पुढे रेटतं; खडेही लवकर धरतात.

ताट

आता ती यादी. आईने जे केलं ते आपल्याकडे कुठलीही आई करेल. पोट दुखतं, संडासात तेल दिसतं, तर तेल बंद. नारळाचं वाटप बंद. बांगडा, तारली बंद, कारण त्या तेलकट. सणाला घरात घावणे आणि रस झाला तरी याच्यापुढे पेज. सहा वर्षं असं चाललं होतं. हळूहळू त्यानेही खाणं सोडलं होतं, कारण जेवल्यावर कळ येते हे त्याला पाठ झालं होतं. बोटीवर बाकीचे भात आणि माशाचं तिखलं जेवत तेव्हा हा चहा-बटर खाऊन राही.

त्या पथ्याने तेल दिसायचं कमी झालं, हे खरं. पण शरीराला लागणारी चरबीही गेली आणि तिच्याबरोबर अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं, जी चरबीतूनच शोषली जातात. ड चा आकडा वर दिलाच आहे. अ चं त्याने स्वतः सांगितलं, तेही आजार म्हणून नव्हे: तिन्हीसांजेला बंदरात शिरताना दुसऱ्या बोटींच्या दोऱ्या त्याला दिसत नसत, दोनदा अडखळून पडला होता.

उपचाराची दिशा उलटी आहे. चरबी कमी करायची नाही. चरबी पचवणारं एन्झाइम बाहेरून द्यायचं आणि ताट भरायचं. कॅप्सूलवर लायपेजचे युनिट लिहिलेले असतात. मोठ्या जेवणाला 40 ते 50 हजार, मधल्या खाण्याला त्याच्या निम्मे, अशी सुरुवात असते. त्याला 25 हजारांच्या कॅप्सूल दिल्या: दोन्ही वेळच्या जेवणाला दोन-दोन, न्याहरीला आणि संध्याकाळच्या खाण्याला एकेक.

पहिल्या महिन्यात काही फरक पडला नाही. वजन तेच, तवंग तोच. कॅप्सूल कशी घेतोस म्हणून विचारलं तर तो म्हणाला, "जेवल्यार. हात धुवान झाले काय दोनय एकदम." त्याचं काय चुकलं? आपल्याकडे उपाशीपोटी आणि जेवल्यावर, असे औषध घ्यायचे दोनच मुहूर्त आहेत. जेवताना घ्यायचं औषध कुणी पाहिलेलं नसतं. पण हे एन्झाइम अन्नात मिसळायला हवं. अन्न पुढे निघून गेल्यावर मागून पाठवून उपयोग नाही. मग आईला ताट वाढूनच दाखवलं: पहिल्या घासाबरोबर एक, अर्धा भात संपला की दुसरी. चावायची नाही, फोडून कुस्करायची नाही. आतले बारीक दाणे जठरातल्या आम्लापासून जपलेले असतात. चावले तर ते आवरण जातं आणि तोंडही सोलवटतं. जोडीला आम्ल कमी करणारी गोळी दिली, कारण आम्लात लायपेज सर्वांत आधी बाद होतं. इतकी वर्षं पित्तावर म्हणून घेतलेली गोळी आता पहिल्यांदा कारणासाठी घेतली जात होती.

हे एन्झाइम डुकराच्या स्वादुपिंडापासून काढतात. ते आधी सांगायला हवं. या घरात त्याने कुणाचं काही अडलं नाही, पण किनाऱ्यावर मुस्लिम वस्ती मोठी आहे आणि शाकाहारी घरंही आहेत. पर्याय नसलेलं औषध म्हणून ते चालतं असं अनेक धर्मज्ञ सांगतात. निर्णय त्या घराचा, पण तो माहितीवर व्हावा. नंतर दुसऱ्याच कुणाकडून कळलं तर गोळ्याही बंद होतात आणि दवाखानाही.

मग खाणं. बांगडा परत आला, तारली परत आली, दोन्ही आमटीत. तळून रोज नको. आमटीत खोबऱ्याचं वाटप. सोलकढी. अंडी. तीन दांडग्या जेवणांऐवजी पाच-सहा लहान. फार चोथ्याचं खाणं, कोंडा वगैरे, वाढवायचं नाही, कारण तो एन्झाइमच्या आड येतो. आरोग्याचे व्हिडिओ बघून त्याने ओट्स सुरू केले होते, ते थांबवले. अ आणि ड वेगळे दिले. आईला हे सगळं पटायला वेळ लागला. "खोबरा घालू म्हणतास? आणि कळ इली तर?" तिचं भय खोटं नव्हतं, म्हणून ताट एकदम भरलं नाही, आधी वाटीभर सोलकढी, मग आठवड्याने वाटप, मग मासा.

तीन महिन्यांत वजन 47 झालं. बादल्या एकावर आल्या. इथे मोजमाप हेच: वजन, बादल्या, तिन्हीसांजेची नजर. इलास्टेजची तपासणी पुन्हा करण्यात अर्थ नव्हता, कारण ती फक्त माणसाच्या स्वतःच्या ग्रंथीचं एन्झाइम मोजते आणि ते वाढणार नव्हतं.

खर्च बोचतो. दिवसाला सहा म्हणजे महिन्याला 180 कॅप्सूल, आणि आयुष्यभर. पैसे कमी पडले की तो मधल्या खाण्याची सोडतो. निदान मोठ्या जेवणाच्या सोडू नको, एवढं त्याला पक्कं सांगितलं आहे.

साखर

जेवण पचायला लागलं तशी साखर वाढली. ही अपेक्षित गोष्ट आहे पण घरच्यांना ती औषधाचा दोष वाटते. इन्सुलिन वाढवावं लागलं.

या मधुमेहाला टाइप 3 सी म्हणतात. त्याचा स्वभाव टाइप 1 पेक्षा वेगळा. टाइप 1 मध्ये इन्सुलिन कमी पडलं की चरबी जळून लघवीत कीटोन येतात; इतकी साखर असूनही या मुलाच्या लघवीत ते कधी आले नव्हते, हा एक धागा आधीच होता. खरा धोका दुसऱ्या टोकाला असतो. साखर घसरली की तिला वर ओढणारं ग्लुकागॉन त्याच स्वादुपिंडातून येतं, आणि बेटांबरोबर तेही गेलेलं असतं. त्यामुळे साखर घसरली की घसरतच जाते. ठरलेला डोस टोचायचा, बोटीवर कळेच्या भीतीने जेवायचं नाही आणि वर जाळं ओढायचं: पूर्वी दोनदा तो डेकवर घामाघूम होऊन पडला होता आणि "बोट लागली" असं म्हणून सोडून दिलं होतं. आता खिशात ग्लुकोजची पुडी आणि तांडेलाला माहिती. उपास नाही. एचबीए1सी 7 च्या खाली आणायचा अट्टहासही नाही.

एक किनाऱ्यावरचीच गोष्ट. इन्सुलिन थंड ठेवायचं म्हणून तो बाटली मासळीच्या बर्फात खुपसून ठेवायचा. मीठ लागलेल्या बर्फात ती गोठू शकते, आणि गोठलेलं इन्सुलिन वितळून पाण्यासारखं स्वच्छ दिसलं तरी कामाचं राहत नाही. वापरातली बाटली साधारण महिनाभर फ्रिजबाहेरही टिकते. ऊन लागू नये एवढं बघायचं. घरी मातीच्या मडक्यात, बोटीवर केबिनमध्ये ओल्या फडक्यात.

दुखणं

इथे यश अर्धंच आहे. आधी साध्या गोळ्या, मग नसांच्या दुखण्यावरची प्रीगॅबालिन. ट्रामाडॉल लागलं तेव्हा दिलं, पण मोजून, कारण बारा वर्षांच्या दुखण्याला रोज ट्रामाडॉल दिलं की दुखण्याबरोबर त्याचीही सवय सांभाळावी लागते. अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांचं काय, हे त्याने विचारलं. दिल्लीच्या एम्समधल्या 2009 च्या अभ्यासात त्यांनी दुखणं कमी झालं होतं, 2012 च्या ब्रिटनमधल्या अभ्यासात फरक दिसला नाही. तिकडचे रुग्ण बहुतेक दारूमुळे आजारी पडलेले आणि वयाने मोठे होते, इकडचे तरुण. काही महिने देऊन बघायला हरकत नव्हती, दिल्या.

नलिकेतल्या 12 मिलिमीटरच्या खड्याला गोळी चालत नाही. सिंधुदुर्गातून अशा वेळी माणसं गोव्याला, कोल्हापूरला नाहीतर मुंबईला जातात. बाहेरून ध्वनीलहरींचा मारा करून खडा फोडायचा, मग दुर्बिणीने नलिकेचं तोंड उघडून चुरा काढायचा आणि अरुंद जागी स्टेंट ठेवायचा, असं ठरलं. झालं. पंधरा-वीस दिवसांनी येणारी कळ दोन-अडीच महिन्यांनी येऊ लागली. वजन 51 वर गेलं. पण नलिकेचा मधला भाग आखडलेलाच आहे, स्टेंट ठरावीक महिन्यांनी बदलावा लागतो, आणि प्रत्येक बदल म्हणजे प्रवास, मुक्काम आणि बुडालेली हजेरी.

म्हणून आता शस्त्रक्रियेचा विषय निघाला आहे. नलिका लांबीने उघडायची, डोक्याकडचा कडक झालेला भाग कोरून काढायचा आणि लहान आतड्याचा वेटोळा तिला जोडून रसाला मोकळी वाट करून द्यायची. नेदरलँड्समधल्या 2007 आणि 2020 च्या दोन अभ्यासांत, नलिका तुंबलेल्या रुग्णांना दुर्बिणीच्या उपचारांपेक्षा शस्त्रक्रियेने दुखण्यात जास्त आराम पडला. दुसऱ्या अभ्यासात तर लवकर केलेल्या शस्त्रक्रियेची बाजू वरचढ ठरली. सगळे उपाय थकल्यावर शेवटी सर्जन, ही आपली जुनी सवय त्यामुळे तपासून बघावी लागते. शस्त्रक्रियेने मधुमेह जाणार नाही, कॅप्सूल सुटणार नाहीत. दुखणं कमी होण्याची शक्यता आहे, आणि शस्त्रक्रिया लांबवत वर्षं जातील तशी तीही कमी होत जाईल, हे दोघांना सांगितलं आहे. आणखी एक सांगितलं आहे: या आजारात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचा धोका सर्वसाधारण माणसापेक्षा जास्त असतो, त्यामुळे दुखण्याची तऱ्हा अचानक बदलली, कावीळ दिसली किंवा नीट खाऊनही वजन उतरू लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न बघता यायचं.

आईचं म्हणणं, आंबा संपू दे, मग पोट फाडा. हंगामाचे पैसे हातात आल्याशिवाय मुंबईचा मुक्काम झेपणार नाही, हे तिचं बरोबर आहे. जूनमध्ये बोटीही बंद असतात. तारीख त्या सुमाराची घेतली आहे. तोवर वजन आणखी थोडं वाढायला हवं आणि एचबीए1सी 8 च्या आसपास यायला हवा. विड्या दिवसाला दोनवर आल्या आहेत. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी शून्य सांगितलं आहे.